जुन्या प्रोसेसरची सात मिनिटं

मित्रांनो, चौकोनी बिस्किटाएवढं माझं अंग, पोटाखाली तेराशेहून जास्त सोनेरी पाय, आणि पाठीवर पंख्याखाली लावतात त्या वाळलेल्या राखाडी लेपाचे डाग. असा मी एक जुना प्रोसेसर. संगणकात जे जे चालतं, त्याच्या सगळ्या आकडेमोडी मी करायचो. करायचो असं म्हणतो, कारण आता माझा मुक्काम एका दुरुस्तीच्या दुकानात आहे, काउंटरखालच्या तिसऱ्या खणात. इथे मी फोमच्या तुकड्यात पाय रोवून बसलेला असतो. दिवसातून एक-दोनदा खण उघडतो, उजेड येतो आणि जातो. माझी तक्रार नाही. पण एका घरात माझ्यामुळे जे अडलं आणि माझ्यामुळेच थोडं सुटलं, ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म वाळूतून झाला. जिथे धुळीचा कणही येऊ देत नाहीत अशा खोलीत, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी मला घडवलं. घडवलं तेव्हा माझ्या पोटात आठ खोल्या होत्या, तुम्ही ज्यांना कोअर म्हणता त्या. मग तपासणी झाली आणि त्यातल्या दोन खोल्यांत खोट निघाली. त्या कायमच्या बंद करण्यात आल्या, आणि मला सहा खोल्यांचा म्हणून स्वस्तातल्या रांगेत बसवलं. वाईट वाटलं, नाही कसं? पण मला फेकलं नव्हतं. जे वाट्याला आलं आहे त्यात रोज नेमानं काम करायचं, एवढं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मला विकत घेतलं ते एका क्रेनचालकाच्या मुलानं. आईवडिलांचा हा एकुलता एक. वय एकोणीस. वडील मालधक्क्यावर क्रेन चालवायचे, आणि हा एका छापखान्यात पुस्तकं शिवायचा. वर्षभराच्या शिवणीतून मी आलो. मला संगणकाच्या मदरबोर्डावर बसवताना त्यानं श्वास रोखून धरला होता. माझ्या एका कोपऱ्यावरचा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, बोटांनी अलगद सोडलं, आणि मी आपल्या वजनानं जागेवर बसलो. मग तो म्हणाला, "बस बाबा, आता हे घर तुझं."

मित्रांनो, मला तुमच्यासारखे डोळे नाहीत. माणसं मला कळतात ती त्यांच्या थांबण्यातून. दोन कळांच्या मध्ये कोण किती थांबलं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुलगा थांबतच नसे. लिहिताना, खेळताना, भांडताना, बोटं एकसारखी धावत.

दीड वर्ष आम्ही असे राहिलो. मग एक रविवार आला. दुपारी बाहेरच्या खोलीत मालधक्क्यावरचे एक साहेब बसले होते. वडिलांनी मुलाच्या नोकरीचं बोलायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा आत खेळत होता. वडिलांनी एकदा हाक मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा मारली. "दहा मिनिटं थांबा," मुलगा ओरडला. वडील उठले आणि त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

माझ्या लाखो अर्धवट बेरजा तिथल्या तिथे विरून गेल्या. पुढच्या आठवड्यात मुलगा एक पिशवी घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेला. माझ्यावर एक जुनी चादर पडली आणि आम्ही माळ्यावर गेलो.

माळ्यावर पाच वर्षं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुलगा आईला दर आठवड्याला फोन करी, आणि वडिलांचा विषय निघाला की "बरं, ठेवतो" म्हणे. वडीलही आईला विचारत नसत. विचारणं म्हणजे हरणं, अशी त्यांची समजूत होती. क्रेनवर असताना त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं; खालचा माणूस हात दाखवी आणि बोजा बोटभर इकडेतिकडे न होता जागेवर बसे. चौतीस वर्षं.

ते निवृत्त झाले आणि घरात येरझाऱ्या घालू लागले. शेवटी आई वैतागली. "अहो, फरशी झिजेल. माळ्यावरचं ते यंत्र काढा खाली, पत्ते तरी खेळा त्यावर." कुठली वायर कुठे लावायची ते तिनं मुलाला फोनवर विचारून कागदावर उतरवून घेतलं. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

तर वडील पत्ते खेळू लागले. आठव्या की नवव्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. मुलाचं जुनं खातं तसंच उघडं होतं ना! चौकटीत लिहिलं होतं, 'तुमचा साथी हजर आहे. सोबत खेळायचं?' साथी म्हणजे मुलगाच, नव्या खात्यावरून; शेजारी त्याचा फोटो होता. वडिलांचं बोट कळेवर होतं. ते किती थांबले ते मी मोजलं. अकरा मिनिटं. मग त्यांनी 'हो' दाबलं.

खेळ जहाजाचा होता. दोघांनी मिळून एक मालवाहू जहाज न्यायचं. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं इंजिन सांभाळायचं. वडील सुकाणूवर, मुलगा इंजिनावर. रोज दुपारी चार ते पाच. औषधाची वेळ चुकली तरी ही चुकली नाही. आई चहाचा कप ठेवून म्हणायची, "दोघं मिळून जहाज चालवताय, घर कोण चालवतंय ते बघा कधीतरी."

पण हेडफोनवरून बोलणं? "दहा डावीकडे." "इंजिन अर्धं." "आलो." "थांब." बस्स, एवढंच. ना हाक, ना नाव. एकदा मुलगा सारखा खोकत होता. वडिलांचं सुकाणू दोन मिनिटं जागचं हललं नाही. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. शेवटी ते म्हणाले, "इंजिन अर्धं कर."

असं दीड वर्ष गेलं. मग खेळाची नवी आवृत्ती येणार म्हणून जाहीर झालं. त्यात वादळं होती. मित्रांनो, पडद्यावरची लाट तुम्हाला नुसती दिसते. पण ती किती उंच उठेल, जहाजाला कुठून धडकेल, हे कुणीतरी क्षणाक्षणाला मोजावं लागतं. ते काम माझं. आधी चाखून बघायला म्हणून आठवडाभर नवा खेळ उघडला होता. पहिलीच मोठी लाट आली आणि मी गुदमरलो. पाऊण सेकंद सगळं गोठलं. जहाज खडकावर.

"तुमच्याकडून अडकतंय," मुलगा म्हणाला.

"माझा हात बरोबर होता."

"हात नाही म्हणत मी. मशीन म्हणतोय."

पुन्हा लाट, पुन्हा खडक. मला लाज वाटली. थोड्या वेळानं मुलगा म्हणाला, "एक तारखेपासून जुना खेळ बंदच होणार आहे. तुमचं चालेल ना?"

वडील थांबले. चार सेकंद. "चालेल."

त्यांना काही माहीत नव्हतं, मित्रांनो. पण नाही म्हटलं तर चार ते पाच संपणार होतं, आणि कसं करू म्हणून विचारायचं तर तोंड उघडायला हवं होतं.

"अहो, त्यालाच विचारा ना काय घ्यायचं ते," आई म्हणाली.

"मला कळतं."

"काय कळतं? परवा रिमोट उलटा धरून टीव्हीवर रागावत होतात."

पंधरवडाभर वडिलांनी वही भरली. प्रोसेसरांची माहिती देणारी तरणी मुलं पडद्यावर येत आणि भराभरा बोलत. एक म्हणे हाच घ्या, दुसरा म्हणे हा घेणारा वेडा. शेजाऱ्यांनी सांगितलं, प्रोसेसर जाऊ द्या, चित्रं दाखवणारं ग्राफिक्स कार्ड घ्या. वडील आकडे उतरवत, खोडत, पुन्हा उतरवत. शेवटी आईनंच धाकानं यंत्र बाजाराच्या ढकलगाडीत घालायला लावलं आणि त्यांना या दुकानात पाठवलं.

दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या. केसांत पेनऐवजी स्क्रूड्रायव्हर खोचलेला. बोलणं गोड, पण टोकदार.

"काय खेळता, काका?"

"जहाज."

"म्हणजे बंदुका नाहीत?"

"वारा आहे."

बाईंनी नवा खेळ चालू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे उघडले. "हे बघा. हा आकडा कार्डाचा, चाळीस. हा प्रोसेसरचा, शंभर. कार्ड पाय पसरून बसलंय, घाम याला फुटलाय. नवं कार्ड घेतलंत तर ते आणखी ऐसपैस बसेल, बस्स."

"म्हणजे प्रोसेसरच."

"प्रोसेसरच. आता खिशात काय आहे?"

वडिलांनी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. ते पैसे खिडक्यांच्या पडद्यांसाठी आईनं साठवलेले होते. "शेजारी बघतील तर बघू देत," असं म्हणून तिनं ते हातात दिले होते, "जहाज बघायला मिळेल त्यांना."

बाईंनी पाकिटातले पैसे मोजले आणि सरळ सांगितलं. अगदी नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड नवा, मेमरी नवी, सगळंच नवं. ते या पाकिटात बसत नाही. याच बोर्डावर बसणारा सोळा खोल्यांचा मोठा प्रोसेसर आहे, तोही ओढूनताणून बसेल. "पण तुमच्या जहाजाला सोळा खोल्या कशाला? भाडं भराल आणि राहायला कुणी नाही." आणि तिसरा, माझ्याच वंशातला पण चार वर्षांनी धाकटा, सहाच खोल्यांचा.

"सहाच?" वडिलांनी वहीत बघितलं. "सहा तर याच्याकडेही आहेत. आकडा मोठा नको का? क्रेन चालवायचो मी, आकडा बघूनच बोजा घ्यायचो."

"काका, बोजा उचलताना क्रेनची उंची बघता की ताकद?"

वडिलांनी वही मिटली. ते त्यांना कळलं.

"त्याच्या प्रत्येक खोलीतलं माणूस याच्यापेक्षा खूप चपळ आहे. वीज तेवढीच खातो, पंखा हाच चालेल. बदल्यात हा जुना मला दिलात तर पाकिटात बसेल. बसवूनही देते."

"बसवीन मी."

"बघा हं."

"चौतीस वर्षं बसवतोय."

दोन दिवसांनी घरी त्यांनी मला काढलं. पंखा वाळलेल्या लेपानं माझ्या पाठीला चिकटला होता. घाई करून सरळ वर ओढला असता तर मीही त्याच्याबरोबर उपटला गेलो असतो. पण त्यांनी तो हळूच डावीकडे, उजवीकडे फिरवला, सैल केला, मग उचलला. हात खरोखर सुरेख. मला रुमालात गुंडाळून ते एकटेच दुकानात आले.

बाईंनी मला उलटसुलट बघितलं आणि नवा डबा पुढे केला. देता देता विचारलं, "काका, जुना काढायच्या आधी बोर्डाचं बायोस नवं करून घेतलंत ना?"

आता हे बायोस म्हणजे काय ते सांगतो. बोर्डाच्या पोटात एक छोटीशी आज्ञावली असते. कोणते प्रोसेसर आपल्या ओळखीचे हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या बोर्डाच्या यादीत मी होतो, माझ्या वेळचे होते. चार वर्षांनी जन्मलेला तो धाकटा कसा असणार? यादी नवी करता येते, पण ती करताना जुना प्रोसेसर जागेवर हवा. तोच नव्याची ओळख करून देतो. काही महागड्या बोर्डांना ते जुन्याशिवाय जमतं. आमचा बोर्ड माझ्यासारखाच स्वस्तातला होता.

वडील थांबले. वायर नव्हती, वीज नव्हती, तरी ते थांबणं मी ओळखलं. चार सेकंद.

"हं," ते म्हणाले, आणि मान हलवली.

मला ओरडावंसं वाटलं. पण आमच्या जातीला आवाज कुठला? बाईंनी मला खणात ठेवलं. घाईच्या वेळी फोम सापडला नाही म्हणून मी सुट्या स्क्रूंच्या डबीत पडलो. खण बंद झाला.

एक तारखेला दुकानातल्या घड्याळात चार वाजले. मी मनात म्हटलं, आता वादळ सुरू झालं असेल. दोन तारखेलाही तसंच म्हटलं. खोटं कशाला सांगू, माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता.

तीन तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दुकानाबाहेर ढकलगाडीची चाकं कुरकुरली. या वेळी आईही बरोबर होती.

"पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा," वडील म्हणाले. "नग खराब दिलात."

"नग मी तपासून दिलाय." बाईंनी यंत्र उघडलं, वायर लावली, काळा पडदा बघितला. मग केसांतला स्क्रूड्रायव्हर काढून हातात फिरवत उभ्या राहिल्या. "काका, बायोस केलं होतं म्हणालात."

"मी 'हं' म्हणालो."

"म्हणजे?"

वडील यंत्राकडे बघत राहिले. "कळलं नव्हतं मला."

बाईंनी स्क्रूड्रायव्हर परत केसांत खोचला. मग बाईच म्हणाल्या, "चूक माझीही आहे. त्या मान हलवण्याला मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"अहो, तीन दिवस त्या काळ्या पडद्यासमोर बसलेत," आई बोलू लागली. "चार वाजले की खिडकीशी जाऊन उभे. पोराला कळवते म्हटलं तर मला शपथ घातली. फोनवर बोलायचं नाही, सांगायचं नाही. मी शपथ मोडलेली नाही. पण दुकानात बोलायला बंदी नव्हती, म्हणून इथे बोलते." तिनं पर्समधून फोन काढला. "सकाळी त्याचा निरोप आलाय. वाचून दाखवते. 'आई, त्यांना सांग, मला कळलं. जबरदस्ती नाही. मी आता चारला थांबणार नाही.'"

मित्रांनो, मुलानं काय समजून घेतलं होतं ते सगळ्यांना कळलं. सात वर्षांपूर्वी ज्यांनी मेन ओढला, त्यांनीच आता पुन्हा ओढला, असंच ना?

"जुना द्या," वडील बाईंना म्हणाले. "तो परत बसवला तर होईल ना?"

"तोच लागेल. त्या वयाचा दुसरा दुकानात नाही." बाईंनी खण उघडला, स्क्रूंच्या डबीतून मला उचललं, आणि त्यांचा चेहरा पडला. माझा एक पाय वाकला होता. तेराशेपैकी एक. पण एवढ्यानंही मी जागेवर बसत नाही, आणि सरळ करताना तो मोडला की संपलंच.

बाईंनी भिंग घेतलं, चिमटा घेतला. पण हात थरथरत होता. सकाळपासून तारांना सोल्डरचे डाग देऊन देऊन दमलेला हात.

"द्या इकडे," वडील म्हणाले.

त्यांनी शिसं नसलेली एक पेन्सिल मागितली, खटका दाबून शिसं पुढे येतं तसली. तिच्या पोकळ टोकात माझा वाकलेला पाय अलगद घेतला. दुकानाबाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती. त्यांनी ती जाईपर्यंत वाट बघितली, आणि मग केसभर, पुन्हा केसभर, पाय उभा केला. आई पुटपुटत होती, बहुतेक देवाचं नाव. माझंही तेच चाललं होतं.

बाईंनी धाकट्याला काढलं आणि मला बोर्डावर सोडलं. मी बसलो. पडदा उजळला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या, "यादी नवी व्हायला सात मिनिटं लागतील. या सात मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला. कुणी कशाला हात लावायचा नाही."

वडील भिंतीवरच्या बटणापुढे गेले आणि त्याला पाठ करून उभे राहिले. मग आईसमोर हात पसरला. "फोन दे."

आईनं नंबर लावून दिला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बोल, आई."

"मी बोलतोय."

पलीकडून घाबरा आवाज. "आईला काय झालं?"

"ती इथेच आहे, बरी आहे. मशीन बंद पडलंय. मी नवा प्रोसेसर आणला आणि बायोस न करता जुना काढला."

"बायोस न करता? दुकानात कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं हो!" बाई काउंटरमागून ओरडल्या.

"सांगितलं होतं," वडील म्हणाले. "मला कळलं नाही. मी मान हलवली. तीन दिवस मशीन बंद होतं. मी बंद केलेलं नव्हतं."

पडद्यावरची पट्टी वीस टक्क्यांवर होती. मी जन्मभर वेगानं कामं उरकली, मित्रांनो. त्या दिवशी प्रथमच सावकाश चाललो तरी चालेल असं वाटलं.

"जुना कुठेय?" मुलानं विचारलं.

"देऊन टाकला होता. बदल्यात."

"माझा प्रोसेसर दिलात? मला विचारायचं तरी."

"हो. विचारायला हवं होतं." वडील म्हणाले. "आणखी एक विचारायचं राहिलंय. त्या रविवारी मी वीज घालवली, तेव्हा तुझं काय चाललं होतं?"

"सोडा आता."

"नाही. मला माहीत नाही. सांग."

चाळीस टक्के. पंचेचाळीस.

"शेवटचा सामना होता," मुलगा म्हणाला. "पाच जणांचा संघ. चार महिने तयारी केली होती आम्ही. जिंकत होतो. आणि खेळातला माझा माणूस मधेच जागेवर उभा राहिला, दगडासारखा. पाच मिनिटांत हरलो. त्यांना वाटलं मी घाबरून पळालो. एक जण तर पुन्हा बोललाच नाही माझ्याशी."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"काय सांगू? वडिलांनी मेन ओढला?" त्याचा आवाज चढला. "वीस वर्षांचा होतो मी, बाबा! काय तोंडानं सांगू?"

आईनं पदर तोंडाशी नेला. बाई उगाचच स्क्रू मोजू लागल्या.

"मला वाटलं, नुसता खेळ आहे," वडील म्हणाले.

"खेळच होता."

"माझी चूक झाली. मोठी झाली."

"हं."

"असं म्हणून ते चौघं परत येत नाहीत."

"नाही येत."

सत्तर. पंच्याऐंशी. फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. खोकला गेला होता. शंभर झाले आणि बोर्डाच्या यादीत धाकट्याचं नाव लागलं. माझं आयुष्यातलं शेवटचं काम ते.

"झालं," बाई म्हणाल्या.

"आज चारला..." वडिलांनी सुरुवात केली.

"आज काम आहे," मुलगा म्हणाला. "बघतो."

फोन बंद झाला. बाईंनी मला काढून धाकट्याला बसवलं. पडदा पुन्हा उजळला. मी त्याचा हेवा केला नाही म्हटलं तर खोटं होईल. माझ्यासाठी बाईंनी फोम शोधून आणला, पाय पुसले. ढकलगाडीची चाकं कुरकुरत लांब गेली, तेव्हा पावणेतीन झाले होते.

त्या दिवशी चारला काय झालं ते मला कळलं नाही. वीज नाही, वायर नाही. खणातल्याला कोण सांगणार? आठ दिवस मी तेच घोळवत राहिलो.

नवव्या दिवशी वडील आले. एकटे, हात मोकळे.

"काय काका, आला का मुलगा चारला?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी नाही आला. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जहाज बंदरात लावून बसून होतो. तिसऱ्या दिवशी आला."

"बोलतो?"

"चिडून बोलतो. मधेच जुनं काहीतरी काढतो. मग मी ऐकतो." ते थोडं थांबले. "पूर्वी बोलतच नव्हता."

बाईंनी मान डोलावली. वडील काउंटरवरच्या रबरी चटईची कड बोटानं सरळ करत होते. मग म्हणाले, "एक विचारू का?"

बाईंच्या हातातला चिमटा खाली आला. "विचारा ना."

"माझ्या डाव्या कानानं ऐकू येत नाही. क्रेनच्या घरघरीनं गेला. घरी कुणाला सांगितलेलं नाही. आता वादळात त्याचा आवाज डावीकडूनच येतो, आणि मला वाटतं तो गप्प आहे. दोन्हीकडचा आवाज एकाच कानात देणारा हेडफोन मिळतो का? महाग असेल तर राहू दे."

"त्याला हेडफोन नाही लागत, काका. संगणकातच सोय असते. फुकट. एक खूण करायची, दोन्हीकडचा आवाज एक होतो." बाईंनी कागद ओढला. "थांबा, कुठे जायचं ते लिहून देते."

वडिलांनी कागदावर हात ठेवला.

"लिहू नका," ते म्हणाले. "त्यालाच विचारतो."

ते गेले. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आमच्यासारखा एखादा जुना तुमच्या घरातून निघाला, तर त्याला स्क्रूंच्या डबीत टाकू नका, फोममध्ये नीट ठेवा. त्याला काढण्याआधी नव्याची ओळख त्याच्याच हातून करून घ्या. ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. आणि तुमच्या प्रश्नावर घरातलं कुणी नुसती मान हलवून गप्प झालं, तर लगेच पुढे जाऊ नका. किती सेकंद थांबलं होतं ते माणूस, तेवढं बघा. मग जवळ जाऊन, आवाज न चढवता, पुन्हा एकदा विचारा.